दुसरी तार

पहिली तार दुपारी आली. 'दामू वारला. ताबडतोब निघा.' दामू म्हणजे आईचा भाऊ. आईच्या हातातून पिठाची परात सुटली. दुसरी तार दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही एसटी स्टँडवर जायला निघालो तेव्हा आली. 'दामू सुखरूप. येऊ नये.' आई उंबऱ्यावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मी तेव्हा चौथीत होते. असं का झालं ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही.

*

सुरीला मिथाइल ऑरेंज लावून वाळवायचं. त्या सुरीने लिंबू कापलं की लिंबातून रक्त येतं. समोर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावतात.

*

लाल औषध सलाइनच्या नळीतून उतरताना कोकमाच्या सरबतासारखं दिसतं. वास मात्र नुसता तोंडात येतो, नाकात नाही.

*

टेकडीच्या पायथ्याच्या खडकावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय: 'दुखणे खाली ठेवून वर यावे.'

*

कुसळ मोज्यात घुसलं तर मागे ओढू नये. ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे काढावं.

*

"हात मोकळे सोड. हात हलवत चाल," सर म्हणाले.

आमच्या गच्चीवर चालायचं म्हणजे पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी यांच्यामधून फेऱ्या मारायच्या. खाली विट्याच्या यंत्रमागांचा खडखडाट. सर म्हणजे माझे यजमान. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. सगळं गाव त्यांना तारळेकर सर म्हणायचं, आणि लग्नानंतर मीही सरच म्हणायला लागले ते तसंच राहिलं.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आधी औषधांनी गाठ आकसवायची, मग ऑपरेशन, असं ठरलं होतं. त्यासाठी मिरजेच्या वाऱ्या चालू होत्या. तिथल्या एका सिस्टरनी मला बजावलं होतं, "मावशी, घरात पडून राहायचं नाही. बाहेर पडायचं, झाडांत, उन्हात. जमेल तेवढं चालायचं. शरीराचं औषध बघेल. मनाचं तुम्ही बघा."

सरांनी ते लगेच मनावर घेतलं. पण गच्चीपुरतं.

"सर, टेकडीवर जाऊ या का?"

"टेकडी नको."

"का?"

"धूळ असते. तुझ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात."

"आणि इथं या चादरी झटकतात, ते काय असतं?"

"वर माकडं आलीत म्हणे."

"भैरोबाच्या टेकडीवर माकडं? कुणी सांगितलं?"

सर टाकीचं झाकण नीट बसवायला लागले. ते नीटच बसलेलं होतं.

आजाराच्या आधी मी रोज सकाळी टेकडीवर जायची. सर कधी येत नसत, त्यांना सकाळी पेपर लागायचा. वर आमचं फिरस्ते मंडळ होतं. नाव मोठं, पण अध्यक्ष नाही की वर्गणी नाही. ज्यांनी खडकावर ती ओळ रंगवली ते बाबर आण्णा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, तेवढे पुढारी. नियम एकच, खडकावरचा. वर घरचं कुणी कुणाला विचारायचं नाही. कुणाचं पोट, कुणाची सून, कुणाचा जावई, सगळं खाली. माझं आडनावसुद्धा तिथं निम्म्यांना माहीत नसेल. आणि रीतही एकच होती. मंडळातलं कुणी वारलं की वर त्याच्या नावाचं झाड लावायचं, पत्र्याची पाटी रोवायची, आणि येणाऱ्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुठल्या तरी झाडाला घालून मगच उतरायचं.

कॅन्सर निघाल्यावर मी मंडळाला काही कळवलं नाही. नुसतं जाणं बंद केलं. गल्लीत मी कॅन्सरवाली झाले होते. बायका हळू आवाजात बोलायच्या, पपई आणून द्यायच्या. जगात एक जागा अशी होती, जिथं मी अजून धडधाकट होते. बरी होऊन तिथं परत जायचं, एवढं एक मी उशाशी धरून झोपायची.

पण बरी होणार का, ते कळत नव्हतं. तिसऱ्या केमोनंतर तपासणी झाली. डॉक्टर सरांशी बाहेर बोलले. सर आत आले ते चष्मा पुसत.

"काय म्हणाले?"

"रिपोर्ट यायचाय."

"मग एवढा वेळ काय बोलत होता?"

"मिरजेच्या उन्हाळ्याबद्दल."

तो माघाचा महिना होता.

*

रिपोर्ट आणायला सर एकटेच मिरजेला गेले, त्या दुपारी मी बुटांचा खोका काढला. पांढरे बूट, जाड मोजे. डोक्याला रुमाल बांधला, बाटली भरली, आणि रिक्षा करून टेकडीच्या पायथ्याशी उतरले. दुपारची वेळ मुद्दाम निवडली. मंडळ सकाळचं. मला कुणी असं बघायला नको होतं.

जिथं पूर्वी मी गप्पा मारत चढायची, तिथं आता दर वळणावर बसत होते. पण बसणंही वेगळं होतं. घरी बसलं की मी आजारी बसलेली असायची. इथं नुसती बसलेली. गवत पिवळं पडलेलं, घाणेरीला फुलं, टिटवी माझ्यावर ओरडून दुसरीकडे गेली. मागांचा आवाज खाली खाली राहात गेला आणि एका वळणानंतर थांबला. मी आजूबाजूला बघितलं आणि रुमाल सोडला. केस गेल्यापासून डोक्याला वारा लागला नव्हता. सबंध डोक्यावरून कुणी तरी ओला हात फिरवावा तसं वाटलं. मला हसू फुटलं. मी एकटी, टकली, भर दुपारी त्या टेकडीवर मोठ्याने हसले.

वर झाडांची रांग होती. माहितीतली सगळी नावं. रांगेच्या शेवटी करंजाचं एक नवं रोप दिसलं, भोवती काट्यांचं कुंपण. सवयीने मी बाटलीतलं पाणी त्याला घातलं. बाटली पूर्ण उलटी केली. मग पाटी वाचली.

'कै. सौ. मंदाकिनीवहिनी. फिरस्ते मंडळ, विटे.'

माझं नाव मंदाकिनी.

मी पाटी पुन्हा वाचली. दुसरी मंदाकिनी मंडळात कधी नव्हती. पत्र्यावर रंगाचा एक ओघळ होता, तो मी नखाने खरवडला, का कोण जाणे. माती मघाच्या माझ्या पाण्याने बुडबुडत होती. मग मी तिथंच मातीत बसले.

मागे काही तरी धपकन पडलं. वळून बघितलं तर बाबर आण्णा. त्यांच्या हातातला पाण्याचा कॅन पडून उताराला लागला होता आणि आण्णा त्याला धरत नव्हते.

"आण्णा," मी म्हणाले.

"वैनी," आण्णा दोन्ही हात जोडून दुरूनच म्हणाले, "काय ऱ्हायलं आसंल तर सांगा. पर तितनंच सांगा."

"आण्णा, अहो मी आहे."

"व्हय. दिसतंय की. केस कुटं गेलं तुमचं?"

"औषधाने गेले."

"तिकडं बी औषध देत्यात?"

मला रडावं की काय करावं ते कळेना. "आण्णा, मी जिवंत आहे हो! इकडे या."

आण्णा दोन पावलं पुढे आले, थांबले. "रागवू नका वैनी. बूट काढून दावता का?"

मी बूट काढला. मोजाही काढला. आण्णांनी वाकून, टाच मागे आहे की पुढे, ते नीट बघितलं. तरी म्हणाले, "दुसरा."

दुसराही दाखवला. तेव्हा ते माझ्यासमोर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड पुसायला लागले.

"मग ह्यो काय परकार हाय?" त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"ते मी तुम्हाला विचारतेय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हंजे? सरांनी."

"कुठल्या सरांनी?"

"तुमच्याच. दुसरं कुटलं?"

आण्णा बोलतच राहिले, त्यांना आता थांबता येत नव्हतं.

"सकाळच्याला आले. टेकडीवर पयल्यांदाच बघितलं त्यास्नी. पांढराधोट शरट, इस्त्रीचा. हात जोडून हुबं राहिलं. म्हणाले, मंदा गेली. मिरजंत समदं उरकलं. घरी कुणी येऊ नका, तेवढी किरपा करा. आता आपला नियम तुमास्नी ठावं हाय. इचारायचं न्हाई. आमी काय इचारणार? बायामान्सं रडाय लागली. मी रडलो वैनी. माझी म्हातारी गेली तवा रडलो नव्हतो."

"आणि सर?"

"त्येंचं जरा येगळंच वाटलं मला. एकेकाच्या तोंडाकडं बघत हुते. शिंदेबाई न्हाई का, हेडमास्तरीण, त्या काय रडल्या न्हाईत, कडक बाई. तर सर त्यांच्या म्होरं जाऊन हुबं ऱ्हायलं. लई येळ. आसं की, वाट बघत्यात." आण्णा थांबले. "मग खड्डा त्यांनीच काढला. मी म्हटलं, सर द्या मी खंतो. न्हाई म्हणाले."

कॅन खाली एका झुडपाला अडकला होता. त्यातून पाणी गळत होतं.

"वैनी, घरात काय भांडान?"

"नाही आण्णा."

"मग माणूस जित्या बायकूचं झाड लावतंय कशाला?"

त्या क्षणी माझ्याकडे एकच उत्तर होतं. डॉक्टरांनी सरांना सांगितलेलं आहे. किती राहिलंय तेही सांगितलं असेल. आणि सर सगळं वेळेआधी करणारा माणूस. वर्गात परीक्षेच्या आधी पोर्शन दोनदा संपवणारा. त्यांनी मलाही आधीच उरकलं होतं.

"कुणाला बोलू नका," मी आण्णांना म्हणाले.

"न्हाई. पर ह्येला पाणी घालू का नगं, तेवढं सांगा."

"कशाला?"

"ह्या झाडाला. तुमी हायसा, मग ह्ये कुणाचं?"



*

सर दिवेलागणीला आले. मी अंगणात खुर्चीवर बसले होते. बूट अजून पायात. सरांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या मोज्यांकडे बघितलं. मोजे कुसळांनी भरले होते. गच्चीवर कुसळं नसतात.



"टेकडीवर गेली होतीस."

"करंजाचं लावलंय. मला कडुनिंब आवडतो, एवढं तरी विचारायचं."

सर खाली बसले, पायरीवर नाही, फरशीवर. माझा पाय हातात घेतला आणि मोज्यातली कुसळं काढायला लागले. मी पाय ओढून घेतला.

"किती दिवस आहेत माझे?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगा. मी मेले हे सगळ्या टेकडीला माहीत आहे, मला तरी कळू द्या."

"गाठ आकसलीय," सर म्हणाले. पिशवीतून पाकीट काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "निम्म्याहून कमी झालीय. औषध लागू पडतंय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करता येईल."

"खोटं."

"वाच."

मी वाचलं. इंग्रजी आकडे मला कळत होते. आधीचा आकडा मला पाठ होता, त्यामुळे नवा कळला. मी तो परत वाचला. मग सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मग तुम्ही टेकडीवर जाऊन..."

"टाकीवर कावळे होते," सर म्हणाले.

"कसली टाकी?"

"मिरजेला. तुला तिसऱ्यांदा आत नेलं तेव्हा. मी व्हरांड्यात उभा होतो. समोरच्या टाकीवर कावळे. जोडी."

"बसली होती?"

सरांनी चष्मा काढला. "बसलेली नव्हती."

आणि मग आईच्या हातातली परात सुटली. मला तो आवाज ऐकू आला, पंचेचाळीस वर्षांनी, आमच्या विट्याच्या अंगणात.

आमच्याकडे मानतात, कावळ्यांची जोडी लागलेली, म्हणजे समागमात, दिसली की बघणाऱ्याच्या घरात मरण येतं. त्याला उतारा एकच. ज्याच्या जिवाची भीती वाटते तो मेल्याची खोटी बातमी आपल्या माणसांना पाठवायची. त्यांनी ती खरी समजून रडायचं. खरं रडणं झालं की मरण फिरलं. मग दुसरी तार करून खरं सांगायचं. दामूमामाच्या बायकोने गोठ्याच्या पत्र्यावर कावळे बघितले होते. हे मला मोठेपणी कळलं आणि लग्नानंतर मी ते हसत हसत सरांना सांगितलं.

सरांनी त्याचं सोनं केलं. सुट्टीत ते गावोगावी भोंदूगिरीविरुद्ध प्रयोग करून दाखवायला जात. लिंबातलं रक्त, जिभेवरचा पेटता कापूर. मी मागे बसून सुऱ्या तयार करायची. शेवटी सर दामूमामाच्या तारा सांगायचे आणि म्हणायचे, "कावळ्यांचा हा संसार पोस्टखात्याच्या उत्पन्नासाठी चालतो." लोक पोट धरून हसायचे. आमच्या दाराला कधी लिंबूमिरची लागली नाही. मी एकदा हळूच घातलेला दोरा सरांनी माझ्या मनगटावरून कात्रीने कापला होता.

"तुम्ही?" मी म्हणाले. "सर, तुम्ही?"

"मी."

"आणि टेकडीच का?"

"तुझ्या आईला कळवायचं? ती खरंच गेली असती. माझ्या भावांना सांगितलं तर ते गाडी करून आले असते. खरं रडणारं कुणी तरी हवं होतं, आणि घरी न येणारं. तूच सांगायचीस, टेकडीवर कुणी घरचं विचारत नाही." त्यांचा आवाज अगदी वर्गातला होता, पायरी पायरीने सिद्ध करणारा. "ती शिंदेबाई रडली नाही, मंदा. मी तिच्यासमोर उभा राहिलो. एक जण राहिलं तर चालतं का? तुझ्या मामाच्या वेळी काय होतं?"

"मला काय माहीत?"

"आणि दुसरी तार कधी करायची असते? लगेच? की धोका टळल्यावर? तू सांगायचीस तेव्हा मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. मी हसत होतो." सरांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "मला धीरच झाला नाही. वाटलं, जिवंत आहे म्हणून सांगितलं आणि मग... रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगू. आता हा रिपोर्ट आला. मंदा, हे औषधाने झालं, हो ना?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

"कुणाला विचारू?"

तेहतीस वर्षं मी या माणसाला ओळखत होते. अंगणात जो माझ्या पायाशी बसला होता तो मी कधी पाहिला नव्हता. मी पाय पुढे केला. सरांनी तो पुन्हा हातात घेतला आणि एकेक कुसळ पुढे ओढून काढायला लागले.

"सकाळी टेकडीवर जायचं," मी म्हणाले. "तुम्हीही."

"मी काय सांगू त्यांना?"

"दुसरी तार."

*

सकाळी सरच जास्त वेळा थांबले. मोठ्या वळणावर तर बसूनच राहिले.

"हात मोकळे सोडा," मी म्हणाले. "हात हलवत चाला."

वर मंडळ होतं. आण्णांनी तोंड बंद ठेवलेलं होतं, ते त्यांना किती जड गेलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी रुमाल बांधलाच नव्हता. एक बाई मागे सरकली आणि काट्यांच्या कुंपणावर बसता बसता वाचली. सर पुढे झाले. त्यांनी हात जोडले. तोंड उघडलं. शेकडो सभा गाजवलेल्या माणसाच्या तोंडातून शब्द येईना.

"चूक झाली," मीच म्हणाले. "मी आजारी आहे. कॅन्सर आहे. पण आहे."

खडकावरची ओळ मी मोडली होती. टेकडीवर पहिल्यांदाच कुणी तरी दुखणं वर आणलं होतं.

तेव्हा शिंदेबाई पुढे आल्या. कडक बाई, कुणाचाही हात कधी हातात न घेणाऱ्या. त्यांनी माझ्या टकल्या डोक्यावर तळवा ठेवला आणि लहान मुलीसारखं हुंदके देऊन रडायला लागल्या. "मला वाटलं, मला रडूच येत नाही आता," त्या म्हणत होत्या. "मला वाटलं, मी दगड झाले."

माझ्या शेजारी सरांनी श्वास सोडला. त्यांच्या तोंडावर एवढी सुटका मी रिपोर्टच्या वेळीही पाहिली नव्हती. माझ्या कानाशी वाकून ते कुजबुजले, "आता पुरं झालं."



आण्णा पाटी उपटायला निघाले तर सरांनी त्यांचा दंड धरला. "राहू द्या," म्हणाले. "असू दे तशीच."

ती तशीच आहे. करंज आता माझ्याहून उंच झालाय आणि त्याच्या सावलीत आम्ही पोहे खातो. उतरताना उरलेलं पाणी मी त्यालाच घालते.

ज्या दिवशी सर टेकडीवर माझं सांगायला गेले, त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे पांढरा शर्ट मागितला होता. सलाइनने हात सुजला होता, तरी इस्त्री मीच केली.